क्रिएटिनिन वाढलं, पण वजन काय म्हणतंय?

हार्टचा पेशंट घरात असला की महिन्या-दोन महिन्यांनी लॅबचा कागद येतो आणि एक दिवस क्रिएटिनिनच्या (किडनी गाळून टाकते त्या रक्तातल्या कचऱ्याच्या) आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसतो. पुढचं ठरलेलंच. ‘हार्टच्या गोळ्यांनी किडनी धरली’ असं कुणीतरी म्हणतं, दोन गोळ्या परस्पर बंद होतात, पाणी भरपूर पाजलं जातं आणि पंधरा-वीस दिवसांत पेशंट पाय सुजून, धाप लागून मिरजेला ॲडमिट होतो. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. कागद चुकीच्या पद्धतीने वाचला जातो, एवढंच.

क्रिएटिनिन एकट्याने वाचायचं नसतं. त्याच दिवसाचं वजन, बीपी आणि चालू गोळ्या शेजारी असतील तरच त्याचा अर्थ लागतो. ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, किंवा बीपी-शुगर जुनी आहे, त्यांच्या घरच्यांनी हे कसं करायचं ते पुढे दिलं आहे. डोस बदलणं डॉक्टरांचं काम. त्यांच्यापुढे बरोबर आकडे ठेवणं आपलं.

मोटार आणि चर

हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर रक्त, दोन किडन्यांकडे जातं. दोन्ही किडन्यांचं मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा अवयवाला एवढं रक्त लागतं, कारण ते गाळायचं असतं. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडून बाकीचं परत घेतलं जातं.

पंप कमजोर झाला की किडनीला रक्त कमी पोचतं, हे कुणालाही पटतं. दुसरी बाजू मात्र सहसा लक्षात येत नाही. कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला ती लगेच कळेल. मोटार कितीही चांगली असो, चर तुंबला की रानातलं पाणी हटत नाही आणि जमीन क्षारपड होते. तसंच हृदयाची उजवी बाजू तुंबली की शिरांमधला दाब मागे किडनीपर्यंत जातो. गाळायला पुढून दाब लागतो आणि मागून मोकळी वाट लागते. मागची वाट अडली की गाळणं मंदावतं आणि क्रिएटिनिन चढतं. हा पेशंट कोरडा पडलेला नसतो, पाण्याने भरलेला असतो. त्याला आणखी पाणी पाजणं म्हणजे तुंबलेल्या रानात पुन्हा पाट सोडणं.

किडनीची समजूत मात्र अशी होते की अंगात रक्तच कमी आहे. ती रेनिन नावाचं रसायन सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं, आणि आधीच थकलेल्या पंपावर बोजा वाढतो. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या हीच साखळी तोडतात. पहिल्या दोघींमुळे किडनीच्या गाळणीतला दाब थोडा उतरतो. म्हणून त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन जरासं वर जाणं अपेक्षितच असतं. लांबच्या हिशेबात किडनीला त्याचा फायदाच होतो.

उलट बाजूनेही तसंच. किडनी बिघडली की बीपी चढतं, हृदयाची भिंत जाड होते, हिमोग्लोबिन उतरतं, फॉस्फरस वाढून धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. किडनीचे बरेच पेशंट डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकारानेच जातात. शुगर जुनी असेल तर छातीत दुखेलच असंही नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, घाम फुटतो.

वहीचं पान

दोनशे पानी साधी वही घ्या. रकाने पाच: तारीख, सकाळचं वजन, बीपी आणि नाडी, सूज व झोपताना किती उशा लागल्या, आणि शेवटी ‘गोळीत बदल’. लॅबचा रिपोर्ट आला की क्रिएटिनिन आणि पोटॅशियम त्याच तारखेच्या ओळीत लाल पेनने लिहायचं. वेगळ्या फायलीत ठेवलं की त्याचा उपयोग निम्मा होतो.

वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तेवढ्याच कपड्यांत. डिजिटल काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर नको. तिथे किलो-अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो आणि आपण नेमका तेवढाच फरक शोधत असतो. दवाखान्यातून सूज उतरवून घरी सोडलं त्या दिवसाचं वजन हे ‘कोरडं वजन’. ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात लिहा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते चरबीचं वजन नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी फोन करायचा, पायाला सूज दिसायची वाट बघायची नाही. पाय सुजेपर्यंत अंगात काही लिटर पाणी आधीच साठलेलं असतं.

सूज बघताना नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर लिहा, किती वरपर्यंत राहतो तेही लिहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात आणि पाणी कमरेच्या मागे साठतं, तिथे दाबून बघा.

बीपी घेण्याआधी पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवा. पट्टा उघड्या दंडावर हवा. सदऱ्याच्या बाहीवरून घेतलेलं बीपी लिहूच नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा.

आता हीच वही समोर ठेवून एक हिशेब बघू. तीन पेशंट समजा, तिघांचंही कोरडं वजन ६१ किलो आणि जुनं क्रिएटिनिन १.२.

पहिल्याचं क्रिएटिनिन १.७ झालं. वजन ६३.८, उशा दोनाच्या तीन झाल्या, नडगीवर खड्डा. हा तुंबलेला आहे. डॉक्टर बहुधा लघवीची गोळी वाढवतील किंवा दोन दिवस इंजेक्शनने देतील, कारण आतडंही सुजलेलं असतं आणि तोंडाने घेतलेली फ्युरोसेमाइड नीट शोषली जात नाही. पाणी उतरलं की क्रिएटिनिनही उतरण्याची शक्यता मोठी.

दुसऱ्याचंही १.७ झालं. पण वजन ५८.७, बीपी ९४/६०, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जीभ कोरडी. आठवड्यापूर्वी जुलाब झाले होते आणि टॉरसेमाइड ही लघवीची गोळी तशीच चालू होती. हा कोरडा पडला आहे. याला लघवीची गोळी कमी करायची किंवा काही दिवस थांबवायची असते.

दोघांचा लॅबचा कागद तंतोतंत सारखा, उपचार एकमेकांच्या विरुद्ध. फरक फक्त वहीच्या रकान्यांत दिसतो.

तिसऱ्याचं १.५ झालं. वजन ६१.२, तब्येत ठीक, दहा दिवसांपूर्वी रॅमिप्रिल सुरू झालेली. इथे टक्केवारी काढायची: वाढ ०.३, भागिले जुने १.२, म्हणजे २५ टक्के. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आणि पोटॅशियम ताब्यात असेल तर ही गोळी चालू ठेवतात आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. हीच गोळी घाबरून बंद होते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. डापाग्लिफ्लोझिनचंही तसंच आहे. हार्ट आणि किडनी दोन्हींसाठी ती हल्ली शुगर नसलेल्यांनाही देतात, आणि सुरुवातीला तिच्यामुळेही किडनीचा आकडा किंचित खाली दिसतो. ती चालू असताना लघवीवाटे साखर जाते. त्या जागी बुरशीची खाज होऊ नये म्हणून लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं करायचं, एवढी काळजी पुरते.

कोणत्या तपासण्या, आणि कुठे फसगत होते

नुसतं क्रिएटिनिन नको, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, बघा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. १.३ हा आकडा तालमीत घुमणाऱ्या तीस वर्षांच्या पोराचा असेल तर ईजीएफआर ७६ च्या आसपास निघतो. अडुसष्ट वर्षांच्या आजीचा असेल तर तोच ४५. कागदावर ‘थोडंसं वाढलंय’ दिसतं, पण आजीच्या किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर तो किडनीचा जुना आजार धरतात.

दुसरी तपासणी लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबवाले एसीआर म्हणतात. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गाळणी गळायला लागली, ३०० च्या वर म्हणजे किडनी आणि हृदय दोघांचाही धोका चांगलाच वाढला. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही हा रेशो वाढलेला असतो. म्हणून शुगर-बीपीवाल्याने वर्षातून एकदा तरी तो करावाच. सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची. ताप, लघवीत जंतुसंसर्ग किंवा पाळी चालू असताना देऊ नका, खोटा वाढलेला येतो. एकदा वाढलेला आला तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात.

रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटणाचं जेवण नको. शिजलेल्या मांसातून क्रिएटिनिन रक्तात येतं आणि आकडा फुगतो. जिममधली क्रिएटिन पावडर घेणाऱ्यांचंही तेच.

पोटॅशियमची गोष्ट वेगळी. आटपाडी, जत, माण भागात रक्त गावच्या कलेक्शन सेंटरला घेतात आणि ट्यूब सांगली-साताऱ्याच्या लॅबला जाते. मध्ये चार-सहा तास गेले किंवा ट्यूब हिंदकळली, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर पाझरतं आणि रिपोर्ट ५.८ दाखवतो. दंड आवळून मूठ बराच वेळ उघड-मीट करायला लावली तरी वाढतं. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट भयंकर, असं झालं की त्याच दिवशी मोठ्या लॅबला जाऊन ताजं रक्त द्या, पण ‘चुकीचाच असेल’ म्हणून सोडून मात्र देऊ नका. साधारण ३.५ ते ५ ठीक, ५.५ च्या वर त्याच दिवशी डॉक्टर. ६ च्या वर थेट दवाखाना, कारण ठोके बिघडतात आणि आधी सूचना मिळेलच असं नाही.

मेडिकलच्या काउंटरवर

गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. या गोळ्या किडनीकडे येणारी रक्तवाहिनी आवळतात. रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन किडनीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. लघवीची गोळी मुळात पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीत दाबच उरत नाही, आणि पाच-सात दिवसांत चांगली चाललेली किडनी बसते. शिवाय या पेनकिलर मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे हार्टलाही त्रासच. काउंटरवर ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणू नका. ‘हार्ट आणि किडनीचा पेशंट आहे, फक्त पॅरासिटामॉल’ म्हणा. बाजारात पॅरासिटामॉल आणि ॲसेक्लोफेनॅक एकाच गोळीत मिळतात, तेव्हा पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून घ्या. ऊसतोडीच्या हंगामात गावोगावी विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते कुणालाच सांगता येत नाही. त्या नकोतच.

उलटी, जुलाब, ताप, दोन वेळा जेवण गेलं नाही, अशा दिवशी सकाळच्या गोळ्या घेण्याआधी फोन करा आणि नावं वाचून विचारा: रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, टॉरसेमाइड, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन. यांतल्या काही दोन-तीन दिवस थांबवायला सांगतात आणि जेवण-पाणी सुरळीत झालं की एक-दोन दिवसांत परत सुरू करतात. परत सुरू करायची तारीख वहीत लिहून ठेवा. थांबवलेली गोळी विसरून महिनाभर बंद राहणं हे नेहमीचंच. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या ठोके आवरणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम तोडायच्या नाहीत, ठोके उसळतात.

लघवीची गोळी सकाळी घ्या. दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठबस. एसटीने पुण्याला जायचं किंवा लोणंद-फलटणच्या टप्प्यात माउलींच्या पालखीबरोबर चालायचं म्हटलं की लोक ही गोळी खुशाल टाळतात, बायका तर हमखास, कारण वाटेत सोय नसते. टाळण्यापेक्षा वेळ सरकवा. मुक्कामी पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालते का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

स्वयंपाकघर

मिठाचा हिशेब चमच्याने होत नाही, पुड्याने करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुडा उघडला की त्यावर तारीख टाका. तीस दिवसांत संपला तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात लोणचं-पापड धरलेलंच नाही.

आपल्याकडचं लपलेलं मीठ म्हणजे कांदा-लसूण मसाला. वर्षभर टिकावा म्हणून कुटतानाच त्यात मीठ घालतात, आणि आमटीत मसाला पडल्यावर वरून पुन्हा मीठ पडतंच. यंदाच्या उन्हाळ्यात पेशंटसाठी दोन किलो मसाला बिनमिठाचा कुटून घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. भडंगाचंही तसंच, चुरमुऱ्यात फोडणीआधीच मीठ असतं. भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय असेल तर ती सोडा. कोरड्यासाला चव लिंबू, आमसूल, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची यांनी येते, फक्त तो ठेचा मिठाशिवाय हवा. सैंधवही मीठच आहे.

‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ या पेशंटसाठी सर्वांत वाईट. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन व रॅमिप्रिल दोन्ही पोटॅशियम वाढवतात.

पोटॅशियमचं पथ्य रिपोर्ट वाढलेला असेल तरच पाळायचं. उगाच फळं तोडू नका. लघवीच्या गोळीने ते कमी होणारेही पेशंट असतात. वाढलेलं असेल तर शहाळं बंद, कारण एकात ५०० मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम असतं. तासगावचा बेदाणा मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम खाल्ला तर सव्वादोनशे मिलिग्रॅम. गूळही कमी. बटाटा सालीसकट कुकरला लावू नका. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओता. आणि एकादशी! बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, वर शहाळ्याचं पाणी, एका दिवसात सगळं पोटॅशियम गोळा. द्वादशीला रक्त द्यायचं असेल तर डॉक्टरांना उपवास होता हे सांगा. पोटॅशियम वाढतं त्यांनी वरीचा भात आणि ताक एवढ्यावर भागवावं. पाण्याचं माप असेल तर ताकही त्यात धरा.

पाणी किती, हे प्रत्येकाचं वेगळं. दीड लिटर सांगितलं असेल तर सकाळी दीड लिटर पाणी मोजून भरा. चहा, ताक, पातळ आमटी घेतली की तेवढं त्यातून ओतून टाका. संध्याकाळी काय उरलं ते डोळ्यांना दिसतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हेच माप आणि हीच लघवीची गोळी जास्त होऊ शकते. वजन कोरड्या वजनाच्या खाली घसरायला लागलं की विचारा.

अँजिओग्राफी ठरली तर

त्यात टोचतात ते डाय, म्हणजे रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध, किडनीतूनच बाहेर जातं. आधीचा ताजा ईजीएफआर हातात ठेवा, पेनकिलर आठवडाभर आधीपासून बंद, मेटफॉर्मिनचं विचारून घ्या, सलाईन देणार का तेही विचारा. डायने किडनीला त्रास झाला तर क्रिएटिनिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि पेशंट तर दुसऱ्याच दिवशी घरी आलेला असतो. म्हणून ४८ ते ७२ तासांनी गावातल्याच लॅबला एकदा क्रिएटिनिन करा. बहुतेकांचं आठवडा-दहा दिवसांत पूर्ववत होतं. हार्ट ॲटॅक चालू असताना मात्र किडनीच्या भीतीने अँजिओप्लास्टीला ‘नको’ म्हणू नका. तिथे एकेक मिनिट हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि पंप गेला तर किडनीही वाचत नाही.

पिशवी

वही, शेवटचे तीन लॅब रिपोर्ट, शेवटचा इको, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि रेशन कार्ड-आधारच्या झेरॉक्स एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी किंवा डायलिसिस करायचं झालं तर ही कागदं लगेच लागतात. सांगलीत पावसाळ्यात हीच पिशवी पंधरा दिवसांच्या गोळ्यांसह माळ्यावर हवी. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की गोळ्या आणायला निघू नका, त्या आधीच घरात असू द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात मेडिकल दुकानंही पाण्यात होती.

आडवं झोपताच जीव घाबरणं, फेसाळ थुंकी, छातीत दाब, नाडी ४० च्या आसपास, बारा तासांत लघवीच नाही, किंवा अचानक गुंगी: १०८ लावा. पेशंटला पाय खाली सोडून बसवा, आडवं करू नका. गुंगीत असेल तर मात्र कुशीवर ठेवा. पाणी पाजू नका. दारात गाडी आली की पिशवी उचला आणि डॉक्टरांच्या हातात वही देताना ती आजच्या पानावर उघडून द्या.